न्हाणीघराखालचा पिंडाश्म

मास्तरांच्या बायकोच्या गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिला, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. घराची रचनाच अशी, की स्वयंपाकघर खाली आणि न्हाणीघर वर. बांधणाऱ्याने आंघोळीला एवढ्या उंचीवर का नेऊन बसवलं होतं, ते त्याचं त्यालाच माहीत. तरुणपणी कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. आता मात्र मास्तरीणबाई एकेका पायरीवर बसून, मागे सरकत सरकत वर जायच्या आणि तशाच खाली यायच्या, आणि हे चालू असताना मास्तरांकडे बघायच्या नाहीत. मास्तरांना त्या न बघण्याचा फार त्रास व्हायचा.

"खाली एक न्हाणीघर काढू," असं ते बरेच दिवस म्हणत होते. शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की ती झाली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शेवटी एके सकाळी बाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "मी ताईकडे जाते. तिचं सगळं घर जमिनीलगत आहे."

"किती दिवस?"

"बघू."

संसारात 'बघू' हा शब्द किती खोल जातो, हे मास्तरांना ठाऊक होतं. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती दूरच्या गावी एकटी राहायची, मास्तरांना तिने कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं, आणि धाकटीला कायमची ठेवून घ्यायला ती एका पायावर तयार होती. बाई एकदा तिथे रमल्या, की परत न येण्याला हा जिना एवढं एकच कारण पुरलं असतं. मास्तरांना 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी ते उठले, चपला घातल्या आणि नळवाल्याला बोलावून आले.

नळवाल्याने स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला खणायला घेतलं. कमरेएवढी माती निघाली आणि पहार ठणकन वाजून उलटी आली.

"मास्तर, खाली कुणीतरी स्लॅब टाकून ठेवलाय," तो खड्ड्यातून म्हणाला.

मास्तर वाकून बघू लागले आणि बघतच राहिले. खाली एक मोठा सपाट खडक होता आणि तो गोट्यांनी गच्च भरलेला होता. लिंबाएवढे, अंड्याएवढे, मुठीएवढे. काळे, तांबूस, पांढरे, एखादा हिरवट शिरेचा. सगळे गुळगुळीत, आणि त्यांच्या मधल्या फटींत राखाडी जाड वाळू अशी घट्ट बसलेली, की जणू कुणी हाताने चेपून भरली होती. खडकाच्या मधोमध मात्र दोन खळगे रिकामे होते. शेजारी शेजारी, लांबट, आतून गुळगुळीत. कुणीतरी आत्ताच दोन अंडी उचलून नेली असावीत तसे.

खड्ड्यातून गार हवा वर येत होती आणि तिला नदीचा वास होता. आसपास कुठेही नदी नव्हती. नळाला येणारं पाणीसुद्धा तिथे नाखुशीनेच यायचं.

"अगं, पिंडाश्म," मास्तर हळूच म्हणाले. सबंध नोकरीत त्यांनी हा धडा फळ्यावर वर्तुळं काढून शिकवला होता. खरा पिंडाश्म त्यांनी आजवर हातात धरलेला नव्हता, आणि तो इतकी वर्षं त्यांच्याच स्वयंपाकघरामागे पडून होता.

"त्यातून पाइप जाईल का तेवढं सांगा," बाई खिडकीतून म्हणाल्या.

पण मास्तर आता पाइपाच्या पलीकडे गेले होते. संध्याकाळपर्यंत डावीकडचे वकील आणि उजवीकडच्या नर्सबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या, नळवाला पहारीवर रेलून होता, आणि मास्तर आत उतरून तास घेत होते.

"गोटे गोल आहेत, हे पहिलं बघायचं. कडा धारदार असत्या तर याला कोणाश्म म्हटलं असतं. गोल का? तर पाण्याने त्यांना लांबून लोळवत आणलं. एकमेकांवर घासले, सगळे कोपरे गेले. दुसरं, रंग वेगळे. म्हणजे हे एका डोंगराचे नव्हेत, कोण कुठला ते सांगता यायचं नाही. मग पाणी दमलं, यांना एका जागी टाकून गेलं, वर वाळू बसली, वाळूत चुना झिरपला, आणि सगळे एकमेकांना कायमचे चिकटले."

"आपल्या गल्लीसारखंच," नर्सबाई म्हणाल्या.

"मला तर काँक्रीट वाटतंय," वकील म्हणाले. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण समोरच्याचं म्हणणं खोडून काढायची सवय सुटली नव्हती.

मास्तर गालातल्या गालात हसले. या प्रश्नाची ते वाटच बघत होते. त्यांनी नळवाल्याचा हातोडा घेऊन खडकाच्या एका कोपऱ्यावर घाव घातला. कपचा उडाला. "हे बघा. कच्चं काँक्रीट फुटलं की भेग गोट्याला वळसा घालून जाते, आणि गोटा सुटून बाहेर येतो. इथे भेग सरळ गोट्यातून गेली. गोटाच दुभंगला. खडक आणि गोटे आता दोन राहिलेच नाहीत. याच्यातला घट्ट बसलेला गोटा काढायचा म्हटलं तर फोडूनच काढावा लागेल."

"चांगलं काँक्रीटही असंच फुटतं," वकील म्हणाले.

हे खरं होतं. मास्तरांना ते माहीतही होतं, आणि म्हणूनच त्यांना ते फार लागलं. नर्सबाईंनी मध्यस्थी म्हणून घरातून व्हिनेगर आणलं. ते ओतल्यावर खडक फसफसला. मास्तर म्हणाले चुना आहे, म्हणजे पिंडाश्म. वकील म्हणाले सिमेंट आहे, म्हणजे काँक्रीट. खडक तेवढा दोघांच्या मधे फसफसत राहिला आणि ते फसफसणं थांबल्यावरही खालून कसलासा बारीक आवाज येतच होता, गडगड, गडगड, खूप लांब पाण्याखाली गोटे लोळत असावेत तसा. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"पाइपात हवा असेल," मास्तर म्हणाले.

"पाइप अजून माझ्या गाडीवरच आहे," नळवाला म्हणाला.

जायच्या आधी नर्सबाईंनी त्या दोन रिकाम्या खळग्यांकडे बोट दाखवलं. "आणि यातले कुठे गेले?"

"पूर्वीच कधीतरी सुटले असतील. पाण्याने नेले."

"कुठे?"

"नेईल तिथे," मास्तर म्हणाले. एवढ्या सोप्या प्रश्नाला आपण एवढं मोघम उत्तर का दिलं, हे त्यांनाच कळलं नाही.

खडकाचा वरचा थर मुरलेल्या पाण्याने सैल झाला होता, त्यातले काही गोटे हाताने हलत होते. शिक्षकाचा हात नमुने वाटायला नेहमीच सढळ. मास्तरांनी वकिलांना कागदांवर ठेवायला एक काळा गोटा दिला, नर्सबाईंना मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीत टाकायला एक तांबडा, आणि नळवाल्याला त्याच्या पत्र्याच्या शेडचं दार अडवायला एक चांगला मुठीएवढा. "न्या, न्या. घरात एक तरी खरी वस्तू असू द्या," असंही वर म्हणाले.

जाता जाता वकिलांनी सल्ला दिला, की खात्याला कळवून टाका, मागाहून भानगड नको. मास्तरांनी तो ऐकला. आयुष्यात सल्ला ऐकल्याचा पश्चात्ताप त्यांना अनेकदा झाला होता, पण ऐकायचं व्यसन काही सुटत नव्हतं.

बांधकाम खात्याचे साहेब आले ते बूट न काढता थेट खड्ड्यापाशी गेले. "हे जुनं बांधकाम आहे," ते म्हणाले. "कुणाच्या परवानगीने झालं?"

"हा गाळाचा खडक आहे, साहेब. निसर्गतः झालेला."

"म्हणजे परवानगी नाही."

"अहो, त्या वेळी माणूसच नव्हता."

"अर्जदार हयात नसेल तर वारसाने यायचं असतं." साहेबांनी पेन काढलं. "आणि खडक म्हणालात तर मग तो आमच्याकडे येत नाही, खाणींच्या खात्याकडे जातो, आणि त्यांचं ऑफिस सध्या दुसरीकडे हललंय. कुठे हललंय ते आमच्याकडे आलेलं नाही. तोपर्यंत काम बंद. एक नमुना द्या, तपासायला लागेल."

साहेबांनी स्वतःच एक पांढरा गोटा उपटून घेतला. तो निघाला त्या क्षणी स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी किणकिणली. मास्तरांना वाटलं, रस्त्यावरून ट्रक गेला. रस्ता रिकामा होता.

काम बंद झालं, आणि बाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली.

ती मास्तरांनीच काढून दिली, पुसूनही दिली. मनात एक आणि हातांनी भलतंच, असं त्यांचं चाललं होतं. बाई एकेक वस्तू पलंगावर मांडत होत्या. त्यांत त्यांचा टाच घासायचा गोटाही होता, लांबट, करडा, वापरून वापरून तुकतुकीत झालेला. लग्न होऊन आल्या तेव्हा तो त्यांच्या बॅगेत होता. लहानपणी नदीवर दोघी बहिणींनी एकेक उचलला होता. एक थोरलीकडे राहिला, एक धाकटीबरोबर आला. मास्तरांनी तो रोज बघितला होता आणि त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आता बघितला, आणि खड्ड्यातले ते दोन रिकामे खळगे त्यांना आठवले. लांबी त्यांना ओळखीची वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात दार वाजलं. वकील उभे होते, अंगावर शाल, हातात काळा गोटा.

"कागदांवर जरा जड होतो," ते म्हणाले.

"एवढ्या लवकर जड झाला?"

वकिलांनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, मी हा टेबलावर ठेवतो. सकाळी तो खिडकीच्या कट्ट्यावर असतो. तुमच्या बाजूच्या. आज खिडकी बंद होती, तर काचेला टेकून होता. आमच्या घरात कुणी चालत नाही, मास्तर. मी एकटाच असतो, आणि मी काही हे केलेलं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी कोर्टात म्हणावं तसं म्हटलं.

मास्तरांना हसू यायला हवं होतं. ते खड्ड्यात उतरले आणि गोटा त्याच्या खळग्यात ठेवायला गेले. चुकून आधी शेजारच्या खळग्यात टेकवला, तर तो बसेना. आपल्या खळग्यावर नेला मात्र, आणि कुणीतरी हातातून हळूच काढून घ्यावा तसा तो गेला. कडेने नख घालायला फट उरली नाही. वाळू त्याच्याभोवती अशी दिसत होती, जणू तो तिथून कधी निघालाच नव्हता. या गोष्टीला लाखो वर्षं लागतात, असं मास्तर दरवर्षी शिकवत आले होते.

दुपारी नर्सबाई आल्या. त्यांचा गोटा पेटीबाहेर, फरशीवर, ओल्या रेघेच्या टोकाला सापडला होता, आणि सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन काचेला तोंड लावून होते. "मी रोज रात्रपाळीला माणसं जाताना बघते," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटत नाही. पण मासे घाबरलेत हो." नळवाला दारातूनच गोटा देऊन पळाला. शेडचं दार उघडायला गेला, तर गोटा आतून दाराला लागून बसला होता आणि दार उघडेना. शेवटी त्याला आपल्याच शेडचा पत्रा काढून आत जावं लागलं होतं. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ही गोष्ट बाहेर जाऊ नये, असं त्याचं म्हणणं पडलं.

साहेब आले ते उन्हं कलताना. या वेळी त्यांनी बूट काढले. खिशातून रुमालात गुंडाळलेला पांढरा गोटा काढून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला.

"ड्रॉवरला कुलूप होतं," ते म्हणाले. "आतून वाजत होता. मीटिंग चालू असताना. वरचे साहेब म्हणाले, आत या."

"तपासणीत काय निघालं मग?"

"खडक. खडकच आहे. एवढा खडक मी आजवर बघितला नाही." त्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून परवानगीची सही केली आणि सही वाळायच्या आत फाटकाबाहेर गेले.

खरं तर मास्तरांनी पेढे वाटावेत असा हा क्षण. वकील हरले होते, खातं हरलं होतं, भूगोल जिंकला होता. ते धावतच आत गेले. बाई बॅगेची चेन लावत होत्या.

"परवानगी मिळाली. सोमवारी काम सुरू."

"बरं झालं. टॅक्सी उद्या सकाळची सांगितलीय."

"नळवाला म्हणतो, फरशी त्या खडकाचीच करता येईल. घसरायची भीती नाही."

"छान."

मास्तर दारात उभे राहिले. मग त्यांनी पाण्याचा निचरा कोणत्या बाजूला काढता येईल ते समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दिवा लावला.

सकाळी बाई जिन्यावर होत्या, शेवटच्या आंघोळीला, सरकत सरकत वर चाललेल्या. बॅग पलंगावर होती. मास्तरांनी चेन उघडली. गोटा तळाशी ठेवलेला त्यांनी स्वतः बघितला होता. आता तो सगळ्या कपड्यांच्या वर होता, चेनीला टेकून. त्यांनी तो उचलला. तो कोमट होता. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि लाजही वाटत होती. मागल्या दाराने ते खड्ड्यात उतरले. धुकं खड्ड्यात साचून राहिलं होतं, त्यात त्यांना आपलीच पावलं दिसत नव्हती. गडगड पायाखालून येत होती, जवळून. त्यांनी हात त्या दोन खळग्यांपैकी डावीकडच्यावर नेला आणि बोटं सैल केली.

आवाज थांबला. गोटा असा बसला, की मास्तरांना तो शोधून काढावा लागला.

टॅक्सी आली, हॉर्न वाजला. बाईंनी बॅग उचलली, ती हलकी लागली, उघडून बघितली.

"माझा गोटा कुठाय?"

मास्तरांना खोटं बोलता येत असतं तर ते वकील झाले असते. ते नुसते मागच्या दाराकडे बघत राहिले. बाई भिंत धरत धरत बाहेर गेल्या, खड्ड्याच्या काठाशी बसल्या आणि खाली बघितलं.

"काढा तो," त्या म्हणाल्या.

"निघणार नाही आता."

"हातोडा घ्या."

"अगं, फोडावा लागेल. भेग त्याच्यातूनच जाईल. दुभंगेल."

"मला शिकवू नका."

मास्तरांनी हातोडा आणला. तो त्यांनी खडकावर धरला, पण घाव घालायला हात वर नेलाच नाही. बाई त्या हाताकडे बघत होत्या. "राहू द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या आईच्या गावचं तेवढंच होतं माझ्याजवळ. तेही तुम्ही पुरलंत." पुढचं त्या अगदी हळू बोलल्या. "मी राहिले असं समजू नका. मी अडकलेय."

हे मास्तरांना जेवढं लागलं, तेवढं आयुष्यात कुणाचंच बोलणं लागलं नव्हतं. ते हातोडा घेऊन खड्ड्यात उभे होते आणि त्यांना वर यायची हिंमत होत नव्हती. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. मग तो मधेच बंद पडला, फाटक करकरलं, आणि घराच्या बाजूने कुणाची तरी सावकाश, पाय ओढत येणारी पावलं ऐकू आली.

धुक्यातून ताई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पदराखाली काहीतरी धरलेलं. रात्रभराच्या प्रवासाने चेहरा उतरला होता.

"तू?" बाई म्हणाल्या. "अगं, मीच येत होते की तुझ्याकडे."

"मला काय माहीत. हा तीन-चार दिवस दारात येऊन बसतोय." ताईने पदर बाजूला केला. करडा, लांबट, तुकतुकीत गोटा. "आत नेऊन ठेवावा, तर परत उंबऱ्याशी. काल फाटकापाशी होता. मी म्हटलं, आता याच्या मागे कुठवर पळायचं? घ्यावा आणि निघावं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, तर वाटेत कुठे उतरायचं ते मला विचारावंच लागलं नाही." मग तिला खड्डा दिसला. ती काठाशी आली, धाकटीच्या शेजारी बसली, आणि खालच्या गोट्यांवरून नजर फिरवत रिकाम्या खळग्यावर येऊन थांबली. "मास्तर," ती म्हणाली, "हात पोचत नाही माझा. घ्या."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी गोटा घेतला आणि उजवीकडच्या खळग्यात ठेवला. दोन्ही गोटे शेजारी शेजारी होते. मधे वाळूची केसाएवढी रेघ.

दोघी बहिणी काठावर बसून खाली बघत राहिल्या. बाईंनी ताईचा हात हातात घेतला होता. "टॅक्सीवाल्याला जायला सांगा," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर धडपडत वर आले. पायांना माती, चष्म्यावर धुकं. दोन पावलं गेले असतील नसतील.

"आणि अहो."

ते वळले.

"पुढच्या वेळी मला थांबवायचं असेल, तर तोंडाने सांगायचं."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. एवढ्याशा शब्दासाठी त्यांना घसा दोनदा साफ करावा लागला.

"राहा," ते म्हणाले.

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. आणि खड्ड्यातून गडगड असा एकच आवाज आला, झोपेत कुणीतरी कूस बदलावी तसा, आणि मग सगळं शांत झालं.